आवाजाची परिभाषा : फ्रेंच ध्वनिसंज्ञा आणि वर्धा-नागपूरचा शब्दविचार

१

परिभाषेच्या मराठीकरणाची चर्चा आपल्याकडे प्रामुख्याने प्रशासन, कायदा आणि भौतिक विज्ञाने यांच्या संदर्भात झाली. ज्या क्षेत्रात वस्तू डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही आणि ऐकता ऐकता नाहीशी होते, त्या ध्वनीच्या क्षेत्रातील संज्ञांकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समध्ये यंत्रनिर्मित संगीताच्या निमित्ताने ध्वनीच्या वर्णनाची एक व्यापक व्यवस्था उभी राहिली. ती मराठीत आणू पाहिली तर कोणत्या अडचणी येतात, आणि त्या अडचणी आपल्या परिभाषानिर्मितीच्या इतिहासाविषयी काय सांगतात, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विचाराला कसोटी म्हणून एक ठिकाण समोर ठेवणे उपयुक्त ठरेल. वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आंजी हे गाव लागते. दप्तरात त्याच्या नावापुढे कंसात 'मोठी' असे लिहितात. विदर्भातील अशा कोणत्याही गावी सप्ताहाच्या किंवा लग्नाच्या मांडवात ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या माणसाजवळ स्वतःची अशी एक शब्दसंपत्ती असते. भोंगा 'घुमतो', माईक 'शिट्टी मारतो', आवाज 'फाटतो', 'बसतो', 'चढवला' जातो, आणि भजन सुरू होण्यापूर्वी 'इको' लावला जातो. नागपूर आणि छत्तीसगढ या पट्ट्यातील धुमाल पथकांनी तर विजेवर चालणारी तालवाद्ये आणि कळफलक मिरवणुकीत आणून ही शब्दसंपत्ती आणखी वाढवली. इलेक्ट्रॉनिक ध्वनी या माणसांच्या नित्याच्या हाताळणीतला आहे. त्यांच्या शब्दांतील एकही शब्द आपल्या परिभाषाकोशांच्या कक्षेत येत नाही. तो का येत नाही, हा ऐतिहासिक प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर बऱ्याच अंशी आंजीच्या आसपासच मिळते.

२

१९३६ साली वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. त्याच वर्षी गांधीजी शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहावयास गेले. १९४२ साली वर्ध्यातच हिंदुस्तानी प्रचार सभेची स्थापना झाली, आणि १९४५ साली गांधीजींनी हिंदी साहित्य संमेलनाचे सदस्यत्व सोडले. संस्कृतनिष्ठ हिंदी की दोन्ही लिपींत लिहिली जाणारी, लोकांच्या तोंडी असलेली हिंदुस्तानी, या वादाचे एक केंद्र अशा रीतीने वर्धा होते. दुसरे टोक नागपुरात होते. डॉ. रघुवीर यांनी मध्यप्रांत-वऱ्हाडच्या राजधानीत राहून, संस्कृत धातूंना उपसर्ग आणि प्रत्यय जोडून सर्व भारतीय भाषांना समान होईल अशी परिभाषा घडवण्याचा प्रचंड उद्योग केला. १९५५ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा इंग्रजी-हिंदी बृहत्कोश हे त्या उद्योगाचे फलित होय. संविधानाच्या ३५१व्या अनुच्छेदाने हिंदुस्तानीच्या रूपांना स्थान दिले, परंतु शब्दसंग्रहासाठी मुख्यत्वे संस्कृतचा आधार सांगितला. कोशनिर्मितीपुरते पारडे कोणत्या बाजूला झुकले, हे यावरून उघड होते.

मराठीत या प्रवृत्तीला स्वतंत्र पूर्वपीठिका होती. शिवकाळातील राज्यव्यवहारकोशापासून सावरकरांच्या भाषाशुद्धीपर्यंत आणि माधवराव पटवर्धनांच्या 'भाषाशुद्धिविवेका'पर्यंत (१९३८) ती परंपरा स्पष्ट दिसते. दूरध्वनी, बोलपट, ध्वनिक्षेपक, नभोवाणी ही ध्वनीशी निगडित नावे याच प्रवाहातून रूढ झाली किंवा रूढ करण्याचा प्रयत्न झाला. १९६० नंतर महाराष्ट्र शासनाचे भाषा संचालनालय आणि नागपुरातील महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ यांनी तोच मार्ग पुढे नेला. यंत्राला आणि यंत्राच्या व्यवसायाला नाव देणे या पद्धतीला चांगले साधले. ध्वनिमुद्रण, ध्वनिमुद्रिका, पार्श्वसंगीत हे शब्द आज कोणालाही परके वाटत नाहीत. परंतु यंत्रातून जे ऐकू येते त्याचे वर्णन करणारे शब्द या कोशांनी घडवले नाहीत. भोंग्याला 'ध्वनिक्षेपक' हे नाव मिळाले. भोंगा 'घुमतो' म्हणजे नेमके काय होते, याला मिळाले नाही.

३

नागपूरला आकाशवाणीचे केंद्र १९४८ साली सुरू झाले. त्याच वर्षी ५ ऑक्टोबर रोजी पॅरिसच्या नभोवाणीवर पिएर शेफर या अभियंत्याने 'गोंगाटांची मैफल' म्हणता येईल असा एक कार्यक्रम प्रसारित केला. आगगाडीची इंजिने, भांडी, पियानोवरील आघात यांच्या तबकड्या कापून, उलट्या फिरवून, वेग बदलून त्याने पाच लघुरचना सिद्ध केल्या होत्या. या संगीताला त्याने 'म्युझिक काँक्रेत' म्हटले. आधी स्वरलिपी आणि मग वादन हा क्रम उलटवून प्रत्यक्ष ध्वनीपासून रचनेकडे जायचे, हा त्या नावाचा आशय. १९५८ साली त्याचा संशोधनगट नव्याने संघटित झाला आणि १९६६ साली 'संगीतवस्तूंविषयी प्रबंध' हा त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील संज्ञांचे स्वरूप असे आहे की इंग्रजीतही संपूर्ण ग्रंथ यावयास २०१७ साल उजाडले.

भारतात या संगीताचा प्रवेश दुसऱ्या दाराने झाला. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराच्या साहाय्याने मूग संश्लेषकासह एक स्टुडिओ उभा राहिला आणि काही वर्षांतच बंद पडला. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ साली संश्लेषकांवर दहा राग वाजवून ध्वनिमुद्रित केले. या दोन्ही प्रसंगांभोवती जी भाषा वापरली गेली ती मुख्यतः यंत्रांच्या इंग्रजी नावांची होती. फ्रेंचांची ध्वनिवर्णनाची भाषा आपल्यापर्यंत आली नाही.

मराठीत मात्र त्या भाषेच्या स्वागताची एक भूमी तयार होती, याची आठवण येथे करून देणे आवश्यक आहे. बा. सी. मर्ढेकर (१९०९–१९५६) आणि शेफर (१९१०–१९९५) हे समवयस्क. दोघेही सरकारी नभोवाणीत नोकरीला, दोघेही निर्माते असून सिद्धांतकार. मर्ढेकरांनी 'आर्ट्‌स अँड मॅन'मध्ये (१९३७) कलेचा पाया शुद्ध संवेदनेत शोधला, आणि संवाद, विरोध, समतोल या लयतत्त्वांची मांडणी केली. नभोवाणीसाठी त्यांनी संगीतिका लिहिल्या. ध्वनीचा उगम आणि त्याचा अर्थ बाजूला सारून केवळ ध्वनी ऐकणे, ज्याला शेफर 'एकूत रेद्युइत' म्हणतो, हे मर्ढेकरांच्या शुद्ध संवेदनेपासून फार दूर नाही. त्यांचा परस्परांशी संबंध जोडण्याचे कारण नाही. एकाच प्रकारच्या माध्यमात काम करणाऱ्या दोन माणसांना एकाच प्रकारचा प्रश्न पडला, एवढेच येथे महत्त्वाचे. फरक पुढच्या पिढीत पडला. शेफरच्या मागे ध्वनींचे वर्गीकरण करणारी शाळा उभी राहिली. मर्ढेकरांची मांडणी साहित्यसमीक्षेत स्थिरावली आणि तिच्यातील ध्वनीचा भाग मागे पडला.

४

आता काही संज्ञा प्रत्यक्ष तपासू. फ्रेंचमध्ये मानवी आवाज, ध्वनी आणि गोंगाट यांना तीन वेगळे शब्द आहेत. शेवटचा, 'ब्रुई', अफवा या अर्थीही वापरला जातो. त्याच्याशी आपला 'बोभाटा' जुळतो. ध्वनिपरिणामांच्या व्यवसायाला फ्रेंचमध्ये म्हणतात 'ब्रुइताज', म्हणजे जवळजवळ 'गोंगाटकाम'. सुसंस्कृत ध्वनी आणि असंस्कृत गोंगाट यांच्यामधील भिंत पाडणे हे शेफरचे जीवितकार्य होते. मराठीतील 'आवाज' या फारसी शब्दाने ही भिंत कधी उभारलीच नाही. गायिकेचा आवाज, चक्कीचा आवाज, फटाक्याचा आवाज, सर्व एकच. ही भिंत बांधली ती 'नाद' आणि 'रव', 'स्वर' आणि 'कोलाहल' अशा संस्कृत जोड्यांनी. म्हणून फ्रेंच संज्ञेचा संस्कृतनिष्ठ अनुवाद केला की मूळ सिद्धांत ज्या उतरंडीविरुद्ध उभा आहे तीच उतरंड अनुवादात मागल्या दाराने परत येते. परिभाषा घडवणाऱ्याच्या हेतूशी याचा संबंध नाही. शब्दांचे कुळच ते काम करते.

दुसरी संज्ञा 'ओब्जे सोनोर'. 'ध्वनिवस्तू' हा तिचा सरळ अनुवाद. पण जेव्हा शेफर 'संगीतवस्तू' म्हणतो तेव्हा मराठी वाचकाला एक विलक्षण योगायोग आठवल्याशिवाय राहत नाही. आपल्या गवयांनी 'वस्तू' याच अर्थाचा एक फारसी शब्द संगीतासाठी पूर्वीच घेतला आहे : 'चीज'. ख्यालाची चीज ही बांधलेली, पदयुक्त, परंपरेने मिळालेली रचना असते. फ्रेंचांची संगीतवस्तू म्हणजे रचनेच्या आधीचा, अजून काहीच न बांधलेला कच्चा ध्वनी. शब्दार्थ एक, पारिभाषिक अर्थ परस्परविरुद्ध. भाषाशुद्धीच्या लाटेतूनही गवयांनी 'चीज' टिकवली, आणि त्यामुळेच ती जागा आता रिकामी नाही.

तिसरी संज्ञा 'अल्यूर' हिच्या बाबतीत तर अडचण आणखी सूक्ष्म आहे. व्यवहारात हिचा अर्थ चालण्याची ढब. शेफरच्या परिभाषेत, टिकून राहणाऱ्या ध्वनीच्या आतली हलती लय. स्वरकंप हा तिचा एक विशेष प्रकार. मराठीत चालण्याच्या ढबीला 'चाल' म्हणतात, आणि संगीतातही 'चाल' आहेच, पण ती पदाची स्वररचना. शब्दार्थाने अचूक असलेला शब्द संगीतात शिरताच चुकीचा ठरतो. मग 'गमक' घ्यावे काय? तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त गमकाचे पंधरा प्रकार दिले आहेत, आणि त्यांतील कंपित, लीन, आंदोलित, प्लावित इत्यादींचा भेद कंपाच्या कालमानावर केला आहे. शेफर आपले भेद कर्त्यावरून करतो : यांत्रिक म्हणजे नियमित, सजीव म्हणजे लवचीक, नैसर्गिक म्हणजे अनियमित. एकाचे परिमाण काळ, दुसऱ्याचे परिमाण कर्ता. शिवाय गमक हा स्वराचा कंप आहे आणि तो श्रोत्याला सुखद असावा, ही अट व्याख्येतच आहे. पिठाच्या चक्कीच्या पट्ट्याला अल्यूर असू शकते. गमक असू शकत नाही. 'डोल' हा साधा शब्द येथे अधिक योग्य वाटतो. तो संगीतात गुंतलेला नाही, आणि झाड, बैल, माणूस या सर्वांना लागू होतो.

'ग्रँ', म्हणजे कण किंवा दाणा, ही संज्ञा साहित्याच्या अभ्यासकांना रोलाँ बार्तच्या १९७२च्या निबंधामुळे परिचित आहे. गाणाऱ्याच्या देहाचा आवाजात उरलेला अंश, असा तिचा बार्तकृत विस्तार. आपल्याकडे 'दाणेदार तान' आहे; परंतु तिथे दाणा म्हणजे प्रत्येक स्वराचा सुटेपणा, स्पष्टता. शेफरचा कण याच्या उलट, सुटा न ऐकू येणारा, ध्वनीच्या पृष्ठभागावर जाणवणारा खरबरीतपणा आहे. मराठी समीक्षेने कापडावरून घेतलेला 'पोत' हा शब्द येथे समर्थ आहे. कापूस पिकवणाऱ्या वर्ध्याच्या मुलखात तो कोणालाही समजावून सांगावा लागणार नाही.

ऐकण्याच्या क्रियापदांत मात्र मराठी फ्रेंचपेक्षा उणी पडत नाही. शेफर चार व्यापार वेगळे करतो : ध्वनी नुसता इंद्रियाला भिडणे, त्यावरून उगमाचा शोध घेणे, त्यातील काही गुण निवडून ऐकणे आणि त्याचा अर्थ जाणणे. पहिल्यासाठी आपल्याकडे 'कानावर पडणे' आहे. 'मला ऐकू येते' या चतुर्थीच्या रचनेत ऐकणाऱ्याचे अकर्तेपण व्याकरणानेच नोंदवले जाते. दुसऱ्यासाठी 'कानोसा घेणे' आणि 'चाहूल लागणे' यांहून नेमके शब्द सापडणे कठीण. तिसऱ्यासाठी 'कान देणे', चौथ्यासाठी 'उमगणे'. या चारही ठिकाणी 'श्रवण' शब्दाला विशेषणे जोडून परिभाषा करता येईल. ती तशी केली तर हे सर्व भेद एका नामात विरघळून जातील.

'अकुस्मातिक', म्हणजे उगम न दिसता ऐकू येणारा ध्वनी. पडद्याआडून बोलणाऱ्या पायथॅगोरसचे शिष्य, ही तिची व्युत्पत्तिकथा. संस्कृत नाटकातील 'नेपथ्ये' ही सूचना नेमके हेच सांगते : पडद्यामागून आवाज येतो. पण आधुनिक मराठी रंगभूमीने 'नेपथ्य' हा शब्द रंगमंचाच्या दृश्य मांडणीला दिला. ऐकण्याचा शब्द पाहण्याकडे गेला. 'आकाशवाणी' या पौराणिक कल्पनेतही बोलणारा अदृश्य असतो. तो शब्द आता संस्थेचे नाव आहे. राहतो तो 'पडद्याआडचा आवाज', आणि तो पुरेसा आहे.

५

संस्कृत परंपरेकडून घ्यावे असे काहीच नाही, असा निष्कर्ष यावरून कोणी काढू नये. शेफरच्या पहिल्या प्रयोगांपैकी एक घंटेचा होता. घंटेच्या ध्वनिमुद्रणातून टोल्याचा क्षण कापून टाकला आणि मागे उरणारी गुंज तेवढी ठेवली, तेव्हा ती घंटा आहे हे ओळखता येईना. ध्वनीची ओळख त्याच्या आरंभात किती असते, याचा हा पुरावा मानला गेला. ध्वनिसिद्धांताच्या अभ्यासकाला हा प्रयोग परका वाटू नये. आनंदवर्धनाने क्रम लक्षात येणाऱ्या व्यंग्यार्थाला अनुस्वानाची उपमा दिली, आणि अभिनवगुप्ताने 'लोचना'त घंटेच्या अनुरणनाचा दाखला घेतला : वाच्यार्थाचा टोला आधी, व्यंग्याची गुंज मागाहून. भर्तृहरीचा प्राकृत ध्वनी आणि वैकृत ध्वनी हा भेदही याच स्वरूपाचा आहे. काश्मीरच्या काव्यशास्त्राने घंटेकडून अर्थाकडे जाताना जी संज्ञा वापरली ती यंत्रसंगीताच्या अभ्यासाने पुन्हा घंटेकडे आणली तर त्यात काही कृत्रिम नाही. 'अनुरणन' ही संज्ञा ध्वनी विझताना मागे राहणाऱ्या गुंजेसाठी सर्वस्वी योग्य आहे. शेफरच्या कापलेल्या घंटेतून काव्यशास्त्राला एक प्रतिप्रश्नही मिळतो. टोला काढून टाकला तर अनुरणन घंटेचे राहत नाही. मग वाच्याचा क्षण विसरून व्यंग्याचे जे विवेचन आपण पुष्कळदा करतो, ते कोणत्या कवितेचे असते?

६

राहिला प्रश्न ध्वनींच्या वर्गीकरणाचा. शेफरने ध्वनीच्या टिकण्यावरून तीन प्रकार केले : क्षणिक आघात, पुनरावृत्त आघातांची मालिका आणि अखंड टिकणारा ध्वनी. मराठीतील अनुकरणवाचक शब्दांची नोंद मोल्सवर्थच्या कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) मुबलक आहे, आणि मोरो केशव दामल्यांच्या व्याकरणात (१९११) त्यांचा विचार झाला आहे. शालेय पुस्तकांत ते 'ध्वनिदर्शक शब्द' म्हणून पाठ करवले जातात. त्यांची घडण पाहिली की असे दिसते की हे वर्गीकरण भाषेच्या प्रत्ययांतच आहे. 'टण्‌कन', 'धप्‌कन', 'खळ्‌कन' हे एकाकी आघात. 'टणटण', 'धपधप', 'खळखळ' या मालिका. 'टपाटपा', 'फडाफडा' येथे दीर्घ स्वराने वेग वाढतो. 'खळखळाट', 'गडगडाट' येथे '-आट' प्रत्ययाने सुटे आघात मिसळून एक राशी होते. स्वर बदलला की ध्वनीचा आकार बदलतो : 'खणखण' मोठ्या धातूची, 'किणकिण' बारीक काकणांची, 'खुळखुळ' बंद डबीतली. अखंड ध्वनीच्या बाबतीत मात्र ही घडण थोडी तोकडी पडते. 'गुणगुण', 'भणभण' यांतही द्विरुक्ती सुटत नाही, आणि खराखुरा अखंड ध्वनी लिहिताना 'सूंऽऽ' असे अवग्रह लावावे लागतात.

यावर एक रास्त आक्षेप आहे. हे शब्द उगमाला बांधलेले आहेत. खळखळ पाण्याची, सळसळ पानांची, कडकडाट विजेचा. शेफरला तर उगम विसरून ऐकायचे आहे. आक्षेप खरा असला तरी निर्णायक नाही. लोकव्यवहाराने हे बंधन वेळोवेळी सोडवले आहे. 'घरघर' जात्याची होती, ती मोटारीची झाली आणि मरणासन्न माणसाच्या घशाचीही आहे. गळा आणि भोंगा या दोघांचाही आवाज 'फाटतो'. विकृत झालेल्या विद्युत्संकेतासाठी फ्रेंच अभियंता जो 'संपृक्तते'चा शब्द वापरतो त्यापेक्षा ऐकणाऱ्याचा अनुभव यात अधिक आहे. माईक आणि भोंगा समोरासमोर आल्यावर उठणाऱ्या किंकाळीला फ्रेंच लोक लार्सन या डॅनिश शास्त्रज्ञाचे नाव देतात. आपण 'शिट्टी' म्हणतो. शेफरची सारी पद्धत ज्या 'बंद खाचे'तून सुरू झाली, म्हणजे तबकडीची सुई एकाच वर्तुळात फिरत राहणे, तिच्यासाठी 'पिन अडकणे' हा वाक्प्रचार मराठीने स्वतःहून घडवला, आणि तेच तेच बोलणाऱ्या माणसालाही लावला. यंत्रावरून माणसाकडे आणि माणसावरून यंत्राकडे जाणारी ही ये-जा म्हणजेच उगमापासून ध्वनीची सुटका आहे.

संगीतशास्त्राच्या बाजूने या दिशेने जाण्याचे प्रयत्न झाले आहेत. भातखंड्यांनी 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' मराठीत लिहिली आणि गवयांची भाषा शास्त्रात आणली. अशोक दा. रानडे यांनी 'संगीताचे सौंदर्यशास्त्र' (१९७१) आणि 'लोकसंगीतशास्त्र' (१९७५) यांतून कलासंगीताबाहेरचा ध्वनी अभ्यासाच्या कक्षेत घेतला, आणि १९९० साली हिंदुस्थानी संगीतातील संज्ञांचा स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केला. यंत्राच्या ध्वनीपर्यंत मात्र ही वाट अजून पोचलेली नाही.

वर्धा आणि नागपूर यांच्यामधील जुना वाद या विषयापुरता पुन्हा मांडायचा झाला तर निवाडा एका बाजूने देता येणार नाही. तात्त्विक संकल्पनांच्या पातळीवर 'अनुरणन'सारखी संज्ञा जे करते ते बोलीतील शब्दाला साधणार नाही. तिच्यामागे हजार वर्षांचा विचार आहे. संवेदनेच्या पातळीवर 'डोल', 'पोत', 'चाहूल', 'फाटणे', '-कन' आणि '-आट' जे करतात ते कोणत्याही धातूला उपसर्ग जोडून होणार नाही. आजवरच्या कोशकार्याने पहिली पातळी तेवढी परिभाषेची मानली आणि दुसरी बोलीची म्हणून सोडून दिली. त्याचा परिणाम असा की ध्वनीविषयी लिहिणाऱ्याजवळ ऐकण्याचे शब्द नाहीत, आणि ऐकण्याचे शब्द ज्याच्याजवळ आहेत त्याला आपण शास्त्र बोलतो आहोत याची कल्पना नाही. आंजीच्या मांडवातील माणूस 'आवाज फाटतोय, थोडा उतरव' असे म्हणतो तेव्हा तो एक निदान करीत असतो आणि एक उपायही सांगत असतो. शेफरच्या ग्रंथाचा मराठी अनुवाद जेव्हा केव्हा हाती घेतला जाईल, तेव्हा त्या अनुवादकाने कोश उघडण्यापूर्वी त्या मांडवात बसून कान द्यावा.